सुई कोणी हलवली?

२ सप्टेंबर १८५९. भाद्रपद नुकताच लागला होता. मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याच्या सरकारी वेधशाळेत एक साहाय्यक दुर्बिणीला डोळा लावून बसला होता. ही दुर्बीण आकाशाकडे वळवलेली नव्हती. खोलीतच टांगलेल्या एका चुंबकावर ती रोखलेली होती. चुंबकाला छोटासा आरसा जोडलेला, आरशात मोजपट्टीचे आकडे दिसत. चुंबक केसभर वळला तरी दुर्बिणीतला आकडा सरके. आकडा वाचायचा, घड्याळ पाहायचे, वहीत लिहायचे, एवढेच त्याचे काम. एरवी ते तासातासाला होई. त्या सकाळी मात्र आकडे असे पळू लागले की तासाचा नेम मोडावा लागला. मग पंधरा मिनिटांनी, पुढे पाच-पाच मिनिटांनी नोंदी होऊ लागल्या.

खोलीत काहीही हलत नव्हते. जमीन थरथरली नाही, समुद्र खवळला नाही, तोफ उडाली नाही. तरीही पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर दिशेकडचा आडवा घटक अवघ्या दीड-दोन तासांत कोसळला. आजच्या एककात सांगायचे तर सुमारे १६०० नॅनोटेस्लाने. मुंबईत या घटकाची रोजची नेहमीची चढउतार शंभर नॅनोटेस्लाच्या आतच असते. एकूण क्षेत्राच्या मानाने ही घट चारेक टक्क्यांची होती, आणि इतकी मोठी घट तोवर इथल्या कोणी पाहिली नव्हती. वेधशाळेचे प्रमुख होते भारतीय नौदलातले लेफ्टनंट फर्ग्युसन. त्यांच्या देखरेखीखाली त्या वर्षाच्या नोंदींचे पुस्तक पुढच्या वर्षी छापून निघाले. त्यात हे आकडे इतर दिवसांच्या आकड्यांसारखेच, एकाखाली एक, मुकाट्याने उभे आहेत.

सुई हलते, पण कोणी हलवली ते ती सांगत नाही. कुलाबा आणि पुढे अलिबाग, या दोन वेधशाळांचा पावणेदोनशे वर्षांहून मोठा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाचा पाठलाग आहे. सूर्याने हलवली, भूकंपाने हलवली, ज्वालामुखीने हलवली, की रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रामने?

कंपनीची वेधशाळा, मराठी साहाय्यक

ईस्ट इंडिया कंपनीने कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली उभारली ती विज्ञानाच्या प्रेमापोटी नव्हे. बंदरात आलेल्या जहाजांना अचूक वेळ हवी होती. घड्याळ चुकले की रेखांश चुके, आणि रेखांश चुकला की जहाज खडकावर जाई. चुंबकीय निरीक्षणे नंतर आली. जर्मनीत गॉटिंगन येथे गाउस आणि वेबर यांनी १८३० च्या दशकात चुंबकीय निरीक्षकांचा एक संघ बांधला होता. जगात ठिकठिकाणी एकाच क्षणी, गॉटिंगनच्या घड्याळाप्रमाणे, सुया वाचायच्या अशी त्यांची रीत होती. क्षेत्रातले बदल स्थानिक आहेत की साऱ्या पृथ्वीचे, हे त्याशिवाय कळणार नव्हते. ब्रिटनमध्ये एडवर्ड सबीन या लष्करी अधिकाऱ्याने ही कल्पना उचलून धरली. साम्राज्याचा विस्तार मोठा होता, त्याचा इथे उपयोग झाला. टोरांटो, सेंट हेलेना, केप आणि होबार्ट येथे वेधशाळा निघाल्या. कंपनीने आपल्या अखत्यारीत मद्रास, सिमला, सिंगापूर आणि मुंबई ही ठाणी निवडली. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातली उपकरणे कुलाब्याला आली आणि १८४१ पासून नियमित वाचन सुरू झाले.

सुरुवातीला कारभार होता एल्फिन्स्टन संस्थेतले प्राध्यापक आर्थर बेडफर्ड आर्लिबार यांच्याकडे. पण दिवसरात्र, ऊनपावसात, सणावारी सुई वाचत बसायचे ते इथले तरुण. त्यांतला एक होता केरो लक्ष्मण छत्रे, अलिबागजवळच्या नागावचा, विशीसुद्धा न गाठलेला. पुढे पुण्यात गणिताचे प्राध्यापक म्हणून केरूनाना नावाजले, ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ त्यांनी लिहिली, टिळक त्यांचे विद्यार्थी झाले. पण त्यांचा हात बसला तो कुलाब्याच्या वह्यांवर. ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर यांनीही काही काळ या वेधशाळेची धुरा सांभाळली. मराठीतले पहिले वृत्तपत्र काढणारा माणूस चुंबकाच्या नोंदींवर देखरेख करतो, हे आज विचित्र वाटेल. त्या पिढीला तसे वाटत नसावे. व्याकरण, ज्योतिष, शाळा आणि सुई ही त्यांच्या लेखी एकाच नव्या विद्येची दालने होती.

ही कामगिरी दिसायला किरकोळ होती. पण यात एक अट होती, ती आजही बदललेली नाही. आपल्याला काय अपेक्षित आहे ते बाजूला ठेवून, जे दिसते तेच लिहायचे. मनात संशय असला तरी आकडा सुधारायचा नाही. १८५९ च्या त्या सकाळी युरोपातल्या अनेक वेधशाळांत छायाचित्रणाची स्वयंचलित यंत्रे होती. त्यांच्या प्रकाशरेषा कागदाबाहेर निघून गेल्या आणि वादळाचा तळ त्यांना नोंदवता आला नाही. कुलाब्यात यंत्र जुने होते, डोळा माणसाचा होता. म्हणून तो तळ लिहिला गेला.

पांढरा झोत आणि सावध माणूस

त्याआधी अठराएक तास, १ सप्टेंबरला सकाळी ११ वाजून १८ मिनिटांनी, इंग्लंडमध्ये रेडहिल येथे रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरचे डाग रेखाटत होता. पडद्यावर पडलेल्या सूर्यबिंबात एका मोठ्या डागसमूहावर दोन झगझगीत पांढरे ठिपके उमटले आणि पाचेक मिनिटांत विरले. लंडनजवळच्या हायगेट येथे रिचर्ड हॉजसननेही तेच पाहिले. क्यू येथील वेधशाळेच्या कागदावर त्याच वेळी एक बारीक झटका नोंदला गेला होता. मोठे वादळ आले ते साडेसतरा तासांनी. अरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रकाश, क्यूबापर्यंत दिसला. अमेरिकेत बोस्टन आणि पोर्टलंड यांच्यामधल्या तारयंत्राच्या माणसांनी बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि तारेत आपोआप वाहणाऱ्या विजेवर निरोप पाठवले.

कॅरिंग्टनने दोन्ही घटना शेजारी मांडल्या, पण एका योगायोगावरून निष्कर्ष काढायची घाई नको, असे त्याने स्वतःच बजावले. ही सावधगिरी वायफळ नव्हती. सूर्यावरच्या डागांचे चक्र आणि पृथ्वीवरच्या चुंबकीय गडबडी एकाच तालात चढतात-उतरतात, हे सबीनने १८५२ मध्येच दाखवले होते. पण ताल जुळणे वेगळे आणि कारण सापडणे वेगळे. सूर्यासारख्या १५ कोटी किलोमीटर दूरच्या गोळ्याने मुंबईतली सुई हलवायची, तर मधली रिकामी पोकळी ओलांडायची कशी? १८९२ मध्ये लॉर्ड केल्व्हिन यांनी रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून सांगितले की सूर्याला इतकी शक्ती खर्च करणे शक्यच नाही, तेव्हा हा संबंध म्हणजे केवळ योगायोग समजावा. त्या काळातला सर्वांत मोठा भौतिकशास्त्रज्ञ इथे चुकला. पण त्याचा प्रश्न मात्र योग्य होता: सूर्याची शक्ती इथवर येते ती कोणत्या वाटेने? सूर्य विद्युतभारित कणांचे लोट फेकतो आणि ते प्रवास करून पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळतात, हे उत्तर विसाव्या शतकात हळूहळू मिळाले.

मुंबईने या लोटांचा आणखी एक मोठा मारा ४ फेब्रुवारी १८७२ रोजी पाहिला, आणि या वेळी तो उघड्या डोळ्यांनी पाहिला. रविवार होता. सूर्यास्तानंतर शहरातून अरोरा दिसल्याची बातमी इथल्या इंग्रजी वृत्तपत्राने छापली. समुद्राखालची केबल आणि सरकारी तारा काही तास बेताल झाल्या होत्या. कुलाब्याच्या सुईनेही मोठी घसरण नोंदवली. इतक्या दक्षिणेला, उष्ण कटिबंधात, अरोरा दिसणे ही इतकी दुर्मीळ गोष्ट आहे की १८७२ चे ते वादळ आज अभ्यासकांच्या मोजक्या यादीत कायम असते.

क्राकाटोआचा श्वास

सूर्याचा हा वाद चालू असतानाच पृथ्वीने आपल्या पोटातून एक मोठे उदाहरण पुढे केले. २७ ऑगस्ट १८८३ रोजी जावा आणि सुमात्रा यांच्यामधल्या सुंदा सामुद्रधुनीत क्राकाटोआ फुटला. छत्तीस हजारांहून अधिक माणसे गेली, बहुतेक जण लाटांखाली. स्फोटाने हवेत निर्माण केलेली दाबाची लाट पृथ्वीला तीन-चार वेळा प्रदक्षिणा घालून गेली. लंडनच्या रॉयल सोसायटीने समिती नेमली, आणि जगभरच्या वायुभारमापकांचे कागद तिच्यापुढे आले, त्यांत मुंबईचेही होते. १८८८ मध्ये जॉर्ज जेम्स सायमन्स यांनी संपादित केलेला तो जाडजूड अहवाल प्रसिद्ध झाला. एका नैसर्गिक घटनेचा साऱ्या जगाने मिळून केलेला असा अभ्यास क्वचितच त्याआधी झाला असेल.

मुंबई परिसरात त्या दिवसांत आणखी एक चमत्कार दिसला. वांद्र्याच्या किनाऱ्यावर भरतीचे पाणी आले आणि मग एकाएकी इतक्या वेगाने मागे गेले की मासे पाण्याबरोबर परतू शकले नाहीत. ते वाळूवर तडफडत राहिले आणि लहानथोर कोळ्यांनी ते सहज वेचले, अशी हकीकत वृत्तपत्रात आली. किनाऱ्यावरच्या माणसांना ती दैवाची देणगी वाटली असेल. हजारो किलोमीटरवरच्या एका डोंगराच्या मृत्यूशी तिचा संबंध आहे, हे भरतीच्या नोंदी एकत्र आल्यावर कळले.

अहवालात चुंबकीय नोंदींचाही एक भाग आहे. स्फोटाच्या जवळ, बटाव्हियाच्या म्हणजे आजच्या जकार्ताच्या वेधशाळेत राख पडत असताना चुंबकाच्या नोंदी बिघडल्या होत्या. मग ज्वालामुखीने पृथ्वीचे चुंबकत्व ढवळले काय? तिथले वेधशाळाप्रमुख व्हॅन डर स्टोक यांचे स्पष्टीकरण साधे होते. राखेत चुंबकीय खनिज होते, आणि ती सुईच्या आसपास पडत होती. त्या अहवालाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच आहे. एका मोठ्या, थरारक शक्यतेपुढे एका निरीक्षकाने क्षुल्लक कारण ठेवले, आणि ते पटण्यासारखे होते.

हाच पेच भूकंपातही येतो. टांगलेले चुंबक हे चुंबकीय उपकरण आहे, तसेच ते लंबकही आहे. दूरच्या मोठ्या भूकंपाच्या लाटा पायाखालून गेल्या की ते डोलते, आणि कागदावर उमटते ते चुंबकीय गडबडीसारखेच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभरच्या चुंबकीय वेधशाळांना याचा अनुभव आला. गंमत अशी की उलटही घडे. १८८९ मध्ये पोट्सडाम येथे रेबॉयर-पाश्विट्झ या जर्मन संशोधकाने आकाशस्थ पिंडांच्या ओढीने जमीन किती कलते हे मोजण्यासाठी आडवा लंबक लावला होता. त्यावर जपानमधला भूकंप नोंदला गेला. दूरच्या भूकंपाची ओळख पटलेली ती पहिली नोंद. जे मोजायचे नव्हते तेच सापडले.

मूस यांचा हिशोब

१८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेला पहिले भारतीय संचालक मिळाले, नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस. एल्फिन्स्टन, पुण्याचे अभियांत्रिकी शिक्षण आणि एडिंबरा, असा त्यांचा प्रवास. सूत्रे घेऊन वर्ष-दीड वर्ष झाले नाही तोच, १२ जून १८९७ रोजी आसामचा महाभूकंप झाला. शिलाँग आणि आसपासचा दगडी बांधकामांचा प्रदेश जमीनदोस्त झाला. भूगर्भ सर्वेक्षणाचे रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी त्याचा तपास केला. हिंदुस्थानात तेव्हा भूकंपमापकांचे जाळे नव्हते, म्हणून इटलीसारख्या दूर देशातल्या नोंदी त्यांना पाहाव्या लागल्या. त्यांत त्यांना लाटांचे तीन वेगवेगळे प्रकार स्पष्ट दिसले. याच वाटेने पुढे जाऊन १९०६ मध्ये त्यांनी पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावा मांडला. आसामने सरकारला धडा दिला. १८९८-९९ या काळात कलकत्त्याचे अलीपूर, मुंबईचे कुलाबा आणि कोडाईकनाल येथे भूकंपमापक बसवले गेले. जपानमध्ये अनेक वर्षे भूकंपांचा अभ्यास केलेल्या जॉन मिल्न यांच्या घाटाची ही यंत्रे होती.

अशा रीतीने शतकाच्या अखेरीस कुलाब्याच्या एकाच आवारात तीन पहारेकरी उभे राहिले. चुंबकमापक सूर्याकडे कान देऊन, भूकंपमापक जमिनीकडे, वायुभारमापक हवेकडे. तिघांच्या नोंदी एकाच घड्याळावर चालत. याचा फायदा असा की एकाने हाक दिली की दुसऱ्याला विचारता येई. चुंबकाने झटका दिला आणि त्याच मिनिटाला भूकंपमापकही हलला, तर सूर्याला दोष द्यायचा नाही. चुंबक तासन्‌तास भरकटतो आणि भूकंपमापक शांत, तर जमिनीला दोष द्यायचा नाही. एकत्र निरीक्षणाचा खरा उपयोग घटना एकमेकींना जोडण्यासाठी कमी आणि वेगळ्या करण्यासाठी जास्त होतो, हे कुलाब्याच्या वह्या वाचताना जाणवते.

पण चौथा पाहुणा दाराशी उभा होता. मुंबईची ट्राम तोवर घोडे ओढत. ती विजेवर चालवायचे ठरले. ट्रामला वरच्या तारेतून मिळणारी वीज रुळांतून परत जाते आणि त्यातली काही जमिनीत झिरपते. त्या भरकटलेल्या प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र कुलाब्याच्या सुईपर्यंत पोचणार होते. शहर वाढायचे थांबणार नव्हते. तेव्हा सुईनेच जागा बदलायची ठरली. मूस यांनी जागा निवडली ती खाडीपलीकडे, मुंबईपासून जेमतेम तीस किलोमीटरवर, अलिबाग. इथे लोखंड टाळून, चुंबकत्व नसलेल्या पोरबंदरी दगडात इमारती बांधल्या गेल्या. १९०४ मध्ये अलिबागच्या नोंदी सुरू झाल्या.

इथे मूस यांनी जे केले ते या इतिहासातले सर्वांत शहाणपणाचे पाऊल म्हणावे लागेल. त्यांनी कुलाबा लगेच बंद केला नाही. १९०४ ते १९०६ या दोन वर्षांत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचन चालू ठेवले. दोन जागांमधला फरक नेमका किती, हे त्यामुळे मोजता आले आणि १८४० च्या दशकापासूनची मालिका तुटली नाही. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली, तेव्हा सुई अलिबागला सुखरूप पोचलेली होती. केरूनानांचे नागाव तिथून हाकेच्या अंतरावर.

१९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या निरीक्षणांचे दोन खंड प्रसिद्ध केले. साठ वर्षांच्या तासातासाच्या नोंदी हाताने मांडून त्यांनी सूर्याच्या डागांच्या चक्राचा प्रभाव, ऋतुमानाचे चढउतार, वादळांचे टप्पे असे सगळे उलगडले. वादळाच्या सुरुवातीला क्षेत्र अचानक वाढते, मग खोल उतरते आणि नंतर सावकाश सावरते, या वागणुकीचा अभ्यास करणाऱ्या पुढच्या पिढ्यांना मूस यांचे खंड आधार ठरले. संगणक नसलेल्या काळात हे काम किती मनुष्यबळाने झाले असेल, त्याचा अंदाज कोष्टकांची पाने उलटली की येतो.

समुद्राचे कंप

भूकंपमापक कुलाब्यातच राहिले, कारण त्यांना ट्रामच्या विजेचे भय नव्हते. पण त्यांनाही न बोलावलेले पाहुणे भेटले. जून ते सप्टेंबर या काळात कागदावरची रेषा सतत बारीक थरथरे. कुठेही भूकंप नसे. १९२२ ते १९३२ या काळात कुलाबा-अलिबाग वेधशाळांचे संचालक असलेले सुधांशुकुमार बॅनर्जी यांनी या थरथरीचा पाठपुरावा केला. मान्सूनच्या वाऱ्यांनी आणि समुद्रावरच्या वादळांनी उठलेल्या लाटा सागरतळाला सूक्ष्म धक्के देतात आणि ते जमिनीतून प्रवास करून यंत्रापर्यंत येतात, असे त्यांनी दाखवले. १९३० मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात हे संशोधन छापले गेले. भूकंपासाठी लावलेले यंत्र अरबी समुद्रातल्या वादळाची वर्दी देऊ शकते, हा विचार नवा होता. बॅनर्जी पुढे भारतीय हवामान विभागाचे पहिले भारतीय महासंचालक झाले.

पृष्ठभागावरची आणि पोटातली कारणे एकमेकांत मिसळतात याचे सर्वांत कठोर उदाहरण महाराष्ट्रानेच पाहिले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले. भूकंपाची तीव्रता ६.३ होती आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. हा प्रदेश तोवर स्थिर मानला जाई. पण धरणात पाणी साठू लागल्यापासून लहान धक्के सुरू झाले होते आणि १९६३ पासून तिथे भूकंपमापकही लावलेले होते. धरणाच्या पाण्याची पातळी आणि धक्क्यांची संख्या वर्षानुवर्षे शेजारी ठेवून पाहिल्यावर दोघांमधला संबंध मान्य झाला. पाण्याचा भार आणि खडकांच्या भेगांत शिरणारा दाब, अशी त्यामागची यंत्रणाही समजू लागली. आज जगातल्या अभ्यासकांना जलाशयामुळे होणारा भूकंप म्हटले की कोयना आठवते. संबंध सिद्ध होतो तो असा: ताल जुळतो, वाट सापडते आणि पुढच्या नोंदीही त्याला दुजोरा देतात.

सूर्य आणि भूकंप: जुळलेले, न जुळलेले

१९७१ मध्ये कुलाबा आणि अलिबागच्या वारशातून भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वतंत्रपणे उभी राहिली. तिचे मुख्यालय आता नवीन पनवेलला आहे. अलिबागची वेधशाळा तिच्याच छत्राखाली चालते आणि तिच्या नोंदी जगातल्या चुंबकीय वादळांचे मोजमाप करणाऱ्या निर्देशांकांत वापरल्या जातात.

दरम्यान एक मोहक कल्पना पुन्हा पुन्हा डोके वर काढत राहिली. सूर्याची वादळे भूकंप घडवतात काय? किंवा भूकंपापूर्वी जमिनीतून चुंबकीय इशारा येतो काय? १७ ऑक्टोबर १९८९ रोजी कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटा भूकंप झाला. केंद्रापासून जवळच असलेल्या एका चुंबकीय संवेदकावर भूकंपापूर्वी अत्यंत मंद कंपनांच्या लहरी वाढल्याचे दिसले होते. जगभर खळबळ उडाली आणि भूकंपाचे भाकीत आता हाती आले असे अनेकांना वाटले. वीस वर्षांनी त्याच नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या तेव्हा यंत्राचा दोष आणि साऱ्या पृथ्वीभरची चुंबकीय हालचाल यांतून त्या उद्भवल्या असण्याची शक्यता समोर आली. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या जेफ्री लव आणि जेरेमी थॉमस यांनी २०१३ मध्ये सौर हालचाल आणि भूकंपांची जुनी आकडेवारी पडताळून पाहिली. भरवशाचा संबंध त्यांना मिळाला नाही.

असा संबंध का भासतो, याचे कारण साध्या अंकगणितात आहे. जगात ५ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे हजाराहून जास्त भूकंप दरवर्षी होतात, म्हणजे रोज सरासरी तीन-चार. चुंबकीय वादळाचा कोणताही दिवस घ्या, त्याच्या मागेपुढे भूकंप सापडणारच. जो तो सापडलेले जोड दाखवतो, न सापडलेले कोणी मोजत नाही.

तरीही पृथ्वी आणि अवकाश यांच्यात काहीच देवाणघेवाण नाही असे नव्हे. १५ जानेवारी २०२२ रोजी टोंगाजवळ हुंगा टोंगा-हुंगा हापाई हा समुद्राखालचा ज्वालामुखी फुटला. क्राकाटोआप्रमाणेच दाबाची लाट जगभर फिरली आणि भारतातल्या वायुभारमापकांवरही ती उमटली. पण या वेळी वर उपग्रह होते. हवेची लाट शेकडो किलोमीटर उंच आयनांबरापर्यंत चढली, तिथल्या विद्युतभारित कणांची मांडणी तिने बदलली आणि विषुववृत्तावरचा विद्युतझोत काही काळ उलट दिशेने वाहू लागला. अवकाश-हवामानाचे शास्त्रज्ञ आणि ज्वालामुखीचे शास्त्रज्ञ पहिल्यांदाच एकाच घटनेवर एवढ्या तपशिलाने काम करू लागले. मात्र अडचण अशी की आदल्याच दिवशी मध्यम ताकदीचे एक चुंबकीय वादळ येऊन गेले होते. आयनांबरातला कोणता बदल सूर्याचा आणि कोणता टोंगाचा, हे वेगळे करण्यासाठी दोन्हींच्या नोंदी शेजारी शेजारी हव्या होत्या. कुलाब्यात तीन यंत्रे एका आवारात ठेवल्यामुळे जे साधले, तेच इथे उपग्रहांच्या प्रमाणावर करावे लागले.

वहीतला तळ

कुलाब्याच्या १८५९ च्या वहीचे महत्त्व उशिरा पटले. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ, गुरबक्षसिंग लखिना आणि शोभना अ‍ॅलेक्स यांनी ते आकडे नव्याने मांडले. कॅरिंग्टन वादळाची ताकद किती होती याचे थेट मोजमाप त्यांतून मिळाले. मार्च १९८९ च्या वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांताची वीजव्यवस्था दीड मिनिटात कोसळवली आणि साठ लाख माणसे नऊ तास अंधारात राहिली. त्या वादळाची खोली सुमारे ५९० नॅनोटेस्ला होती. कुलाब्याची नोंद त्याच्या अडीचपटीहून अधिक आहे. आज असे वादळ आले तर वीजवाहिन्या, उपग्रह आणि मोबाइलमधला मार्गदर्शक यांचे काय होईल, या गणितात आजही कुलाब्याचा आकडा धरला जातो.

वाद मात्र मिटलेला नाही. काहींच्या मते ती खोल घसरण संपूर्णपणे पृथ्वीभोवतीच्या विद्युतवलयामुळे झालेली नसावी, ध्रुवीय प्रदेशातले प्रवाह दक्षिणेला सरकून मुंबईच्या डोक्यावर आले असावेत. ताशी सरासरी घेतली तर वादळाची खोली हजाराच्या आसपास येते असाही एक हिशोब आहे. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षे उलटली तरी सुई नेमकी कोणी हलवली यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालत आहेत. हा वाद घालता येतो याचे कारण एवढेच, की आकडे खरे आहेत याबद्दल कोणाचेच दुमत नाही.

मे २०२४ मध्ये मोठे चुंबकीय वादळ आले, तेव्हा लडाखच्या हानले येथून लाल अरोरा दिसला आणि त्याची चित्रे सगळ्यांच्या फोनवर फिरली. सोबत भूकंपाच्या भाकितांचीही लाट आली, ती दर वादळाबरोबर येतेच. त्यांना उत्तर देणे अवघड नाही. त्या भाकितकाराकडे एकच गोष्ट मागावी: ज्या दिवशी वादळ आले आणि भूकंप झाला नाही, त्या दिवसांची यादी. कुलाबा-अलिबागच्या वह्यांमध्ये ती यादी आहे. १८४१ पासूनच्या बहुतेक पानांवर काहीच घडलेले नाही, फक्त आकडे आहेत, रोजचे, एकसारखे, कंटाळवाणे. त्या पानांशिवाय २ सप्टेंबर १८५९ हा दिवस असाधारण होता, हे म्हणायला आपल्याकडे काहीही आधार उरला नसता.